एकदांडी : एक तण, अनेक नावे

प्रास्ताविक

द्रव्यगुणशास्त्रात नामरूपज्ञानाला पहिले स्थान आहे. समोरचे द्रव्य कोणते हेच निश्चित नसेल, तर त्याचे रस, वीर्य, विपाक सांगण्याला अर्थ राहत नाही. दुर्मिळ किंवा महाग द्रव्य विकत घेताना आपण ही काळजी घेतो. केशर, वंशलोचन, अतिविषा यांची परीक्षा करतो. परंतु रोज पायाखाली येणाऱ्या तणांच्या बाबतीत मात्र 'हे तर सर्वांनाच माहीत आहे' असे म्हणून आपण पुढे जातो. गल्लत बहुधा अशाच ठिकाणी होते.

प्रस्तुत लेखाचा विषय असेच एक तण आहे. एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी, जखमजुडी या नावांनी ते महाराष्ट्रात ओळखले जाते. त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. खेळताना गुडघा फुटला की याच पाल्याचा रस जखमेवर पिळलेला आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल.

मुर्धा हे भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका बाजूस मिठागरे व खाडी, दुसऱ्या बाजूस वाढत आलेले शहर. अशा गावात चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे आगरी-कोळी कुटुंबे येतात, घाटावरून आलेली येतात, गुजराती व मारवाडी व्यापारी येतात, तसेच उत्तरेकडून व दक्षिणेकडून आलेले कामगारही येतात. एकाच तणाला प्रत्येक जण आपल्या गावाकडच्या नावाने ओळखतो. उलट, एकच नाव दोन रुग्ण दोन वेगळ्या वनस्पतींसाठी वापरतात. हा गोंधळ केवळ भाषेचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तो रुग्णाच्या जखमेपर्यंत आणि औषधनिर्मात्याच्या कच्च्या मालाच्या पोत्यापर्यंत पोहोचतो, म्हणून त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

वनस्पतीचा परिचय

एकदांडी ही सूर्यफुलाच्या कुळातील म्हणजे ॲस्टरेसी कुळातील वनस्पती आहे. मूळ स्थान उष्णकटिबंधीय अमेरिका. लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात मेक्सिकोतील वेराक्रूझ प्रदेशातील वनस्पती म्हणून तिची नोंद केली. हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथाच्या, १८८० ते १८८२ या काळात प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात ती भारतातील तण म्हणून समाविष्ट आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती येथे चांगलीच रुळलेली होती. आज ती उष्ण प्रदेशांत जवळजवळ सर्वत्र आढळते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने तिचा उपद्रवी तणांच्या यादीत समावेश केलेला आहे.

ओळखण्याची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

खोड : जमिनीवर पसरणारे, टोकाकडे वर उठणारे, केसाळ. जमिनीला टेकलेल्या पेरांपासून मुळे फुटतात.

पाने : समोरासमोर, देठ असलेली, साधारण तीन ते सात सेंटिमीटर लांब. कडा खोल व अनियमित दातेरी. दोन्ही बाजूंस राठ केस असल्याने पान हाताला खरखरीत लागते.

पुष्पदंड : दहा ते तीस सेंटिमीटर लांब, सरळ उभा, पर्णहीन. प्रत्येक दांड्यावर एकच पुष्पमुंडक.

फूल : मधली नलिकाकार फुले पिवळी. कडेची किरणपुष्पे थोडी, बहुधा पाच, फिकट पिवळी किंवा पांढरट. प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते.

फळ : काळपट, सुमारे दोन मिलिमीटर लांब, डोक्यावर पिसासारख्या केसांचा झुपका असलेले. वाऱ्याबरोबर ते दूरवर जाते. एका झाडापासून पंधराशेपर्यंत फळे तयार होऊ शकतात.

ती बारमाही फुलते आणि कोरडी, मोकळी, उन्हाची जागा तिला मानवते. रस्त्याच्या कडा, बांधाचा माथा, भिंतीची फट, रेल्वेरुळांलगतची खडी ही तिची ठिकाणे. ही अधिवासाची बाब पुढे भेदनिश्चितीत उपयोगी पडणार आहे.

नावे कशी पडतात ?

नरहरी पंडितांच्या राजनिघंटूत आरंभीच द्रव्यांना नावे कोणत्या कारणांनी मिळतात याचे विवेचन आहे. रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय अशी सात कारणे तेथे सांगितली आहेत. हे विवेचन संस्कृत पर्यायनामांपुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही. आपल्या तणाची लोकनामे याच कसोटीला लावून पाहिली, तर कोणत्या नावावर किती विसंबावे हे स्पष्ट होते.

लांछन म्हणजे खूण. 'एकदांडी' हे नाव एका दांड्यावर एकच फूल ही खूण सांगते. हे सर्वांत भरवशाचे नाव आहे, कारण ते तपासून पाहता येते. 'कंबरमोडी' हेही याच वर्गातले मानता येईल. खोड आडवे पसरून मध्येच वाकून वर उठते, त्यावरून हा अर्थ लागतो. नाव ऐकून कोणी तिचा संबंध कटिशूलाशी जोडू नये.

उपमा म्हणजे सारखेपणा. तेलुगूत हिला 'गड्डि चामंति' म्हणतात, म्हणजे गवतातली शेवंती. मल्याळममध्ये 'चिरवनाक्कु' असे नाव आहे. चिरव म्हणजे नारळाची खोवणी व नाक्कु म्हणजे जीभ. ज्याने दातेरी पान पाहिले आहे आणि विळीची खोवणीही पाहिली आहे, त्याला या नावाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

प्रभाव व वीर्य यांवरून पडलेली नावे कर्म सांगतात. मराठीतील 'जखमजुडी' आणि तमिळमधील 'वेट्टुक्काय पूंडु', म्हणजे कापल्याच्या जखमेची वनस्पती, ही या प्रकारची होत. परस्परांपासून दूर असलेल्या दोन भाषांनी एकाच कर्मावरून नाव द्यावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो पुरावा नव्हे. परंतु तपासणीस योग्य असा संकेत मात्र आहे.

देश्योक्तीचा सरळ अर्थ देशपरत्वे बोलीत चालणारे नाव. वरील सर्व नावे त्या अर्थाने देश्योक्तीच आहेत. याच अनुषंगाने गुजरातीतील 'परदेशी भांगरो' हे नाव पाहावे. भांगरो म्हणजे माका, भृंगराज. ही वनस्पती माक्यासारखी दिसते, पण ती माका नव्हे, ती बाहेरून आलेली आहे, या तिन्ही गोष्टी त्या दोन शब्दांत आलेल्या आहेत. एवढे प्रामाणिक नाव इतर कोणत्याही भाषेने तिला दिलेले नाही.

इतराह्वय म्हणजे दुसऱ्याचे नाव घेणे. ओडिशात हिला 'विशल्यकरणी' म्हणतात. रामायणात हनुमंताने आणलेल्या चार औषधींपैकी एकीचे हे नाव आहे. जखमेवरील उपयोगामुळे लोकांनी ते या तणाला बहाल केले, हे समजण्यासारखे आहे. परंतु अमेरिकेतून आलेली वनस्पती रामायणातील विशल्यकरणी असू शकत नाही. नाव जुने म्हणून द्रव्य जुने ठरत नाही.

नावांतील धोके

आता मराठीतील दोन नावांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

पहिले नाव 'टणटणी'. काही ठिकाणी एकदांडीला टणटणी म्हणतात. परंतु महाराष्ट्राच्या बहुतांश भागात टणटणी म्हणजे घाणेरी, लँटाना कॅमारा. घाणेरीचा पाला खाल्ल्याने गुराढोरांच्या यकृतावर विषारी परिणाम होतो, त्यांना कावीळ होते व त्वचा उन्हाने भाजते, हे पशुवैद्यकात सुपरिचित आहे. वैद्याने 'टणटणीचा पाला आणा' असे सांगितले आणि रुग्णाच्या नातेवाइकाने घाणेरीचा पाला आणला, तर दोष कोणाचा ? सांगणाऱ्याचाच. सबब चिठ्ठीवर किंवा तोंडी सूचनेत हे नाव वापरू नये.

दुसरे नाव 'दगडी पाला'. दगडांच्या फटीत उगवणारा पाला, असा याचा सरळ अर्थ लागतो. परंतु 'दगडी' हा शब्द ऐकताच पाषाणभेद आठवतो आणि मग मुतखड्यावर हा पाला देण्याची कल्पना निघते. पाषाणभेद या नावाने आधीच अनेक वनस्पतींचा व्यवहार होतो. घरोघरी कुंडीत लावलेल्या पानफुटीलाही लोक त्याच नावाने ओळखतात. त्यात आणखी एकीची भर नको. शिवाय रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी 'पाथरी' ही वेगळीच वनस्पती आहे. तीही याच कुळातील, तिचेही फूल पिवळे आणि तिच्याही नावात दगड. नावावरून स्थान कळेल, रूप कळेल. उपयोग मात्र नावावरून काढावयाचा नसतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात हा विषय निकालात काढला आहे. गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक औषधी नावाने व रूपाने जाणतात. तथापि केवळ नामरूप जाणल्याने औषधी कळली असे होत नाही. तिचा योग जाणणारा तोच तत्त्ववेत्ता, असा त्या विवेचनाचा आशय आहे. सुश्रुताचार्यही गोपाल, तपस्वी, व्याध यांच्याकडून औषधींची ओळख करून घेण्यास सांगतात. म्हणजे लोकज्ञान नाकारावयाचे नाही. ते घेऊन त्यापुढे जावयाचे, ही आपली परंपरा आहे.

शास्त्रात स्थान कोणते ?

अनेक आधुनिक सूचींमध्ये एकदांडीसमोर 'जयंतीवेद' असे संस्कृत नाव छापलेले आढळते. हे नाव पाहून ती प्राचीन निघंटूंतील वनस्पती आहे असा समज होतो. निघंटूंमध्ये जयंती या नावाने येणारी वनस्पती म्हणजे शेवरी, सेस्बेनिया सेस्बान. तिचा एकदांडीशी संबंध नाही. अमेरिकेतून आलेली वनस्पती बृहत्त्रयीत असण्याची शक्यताच नाही. तेव्हा संहितेत नसलेल्या वनस्पतीला संस्कृत नाव चिकटवून तिची वंशावळ तयार करणे हे शास्त्राला धरून नाही.

मग नवीन द्रव्य आपल्या शास्त्राने स्वीकारावयाचेच नाही काय ? तसेही नाही. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी फिरंग रोगाचे वर्णन केले आणि त्यावर चोपचिनी सांगितली. या परकीय द्रव्याला त्यांनी नाव दिले द्वीपांतरवचा. दुसऱ्या द्वीपातून आलेली, असे नावातच सांगितले. वेदकाळापासून ती येथे होती असा देखावा त्यांनी केला नाही. द्रव्य नवे, नाव प्रामाणिक, आणि गुणकर्म अनुभवाने ठरविलेले, अशी ही पद्धत आहे. एकदांडीचा अभ्यास याच पद्धतीने व्हावा.

माका आणि एकदांडी : भेदनिश्चिती

व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भृंगराजाचा आहे. माका म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. याचेच जुने नाव एक्लिप्टा अल्बा. भावप्रकाशात भृंगराज, मार्कव, केशराज, केशरंजन इत्यादी पर्याय येतात. मार्कव आणि आपला मराठी माका यांचे नाते उघड आहे.

माका किती योगांत लागतो हे येथे सांगण्याची गरज नाही. भृंगराज तैल, महाभृंगराज तैल, नीलीभृंगादि तैल, भृंगराजासव हे योग तर त्याच्याच नावाचे आहेत. षड्बिंदु तैलात भृंगराज स्वरस लागतो. महाराष्ट्रात क्वचितच एखादा वैद्य असेल की ज्याच्याकडे सूतशेखर नाही, आणि सूतशेखराला भावना भृंगराज स्वरसाची. तेव्हा माक्याऐवजी दुसरे तण आले, तर एक औषध नव्हे, अनेक औषधे एकाच वेळी बिघडतात.

ताज्या वनस्पतीत पुढील भेद नीट पाहावेत.

१. जागा : माका ओलीत येतो. भातखाचराचा बांध पाहिला तर पायथ्याशी ओलाव्यात माका आणि माथ्यावर कोरड्यात एकदांडी, अशी विभागणी सहज दिसते.

२. पान : माक्याचे पान जवळजवळ बिनदेठाचे, अरुंद, कडेला अस्पष्ट दाते असलेले. एकदांडीचे पान देठाचे, रुंद, खोल दातेरी.

३. फुलाचा दांडा : माक्याचा दांडा आखूड, पानाच्या बगलेतून निघणारा. एकदांडीचा लांब, एकटा, झाडाच्या वर उठून दिसणारा.

४. फूल : माक्याचे लहान व पांढरे, कडेच्या पाकळ्या बारीक व पुष्कळ. एकदांडीचे मध्यभागी पिवळे, कडेच्या पाकळ्या मोजक्या व त्रिदंती.

५. फळ : माक्याच्या फळांवर केसांचा झुपका नसतो. ती मुंडक्यात दाटीने बसतात व पिकल्यावर काळी होतात. एकदांडीची फळे पिसांची असतात व फुंकर घातल्यास उडतात.

६. रस : माक्याचे ताजे पान तळहातावर चुरडले असता रस थोड्याच वेळात काळसर होतो. हात काळा करणारा माका, ही घरगुती परीक्षा आजही उपयुक्त आहे. एकदांडीचा रस असा काळा पडत नाही.

येथे पिवळ्या माक्याचाही उल्लेख करावयास हवा. राजनिघंटूत श्वेत, पीत व नील असे भृंगराजाचे भेद येतात. त्यातील पीत भृंगराज म्हणजे स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया, जुने नाव वेडेलिया. एकदांडीचे फूल पिवळे दिसते म्हणून तिलाच पीत भृंगराज समजणे चुकीचे आहे. पिवळ्या माक्याच्या किरणपुष्पांचा रंग गडद पिवळा असतो आणि त्याच्या फळांवर पिसांचा झुपका नसतो. शहरी भागात आणखी एक सावधगिरी बाळगावी. वसाहतींच्या बागांमध्ये आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर शोभेसाठी लावलेली, जाड चकचकीत त्रिखंडी पानांची व पिवळ्या फुलांची जी वेल पसरलेली दिसते, ती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा होय. तीही अमेरिकेतूनच आलेली आहे. तीही माका नव्हे.

'एकदांडीतही यकृतावर कार्य करणारे गुण प्रयोगांत दिसले आहेत, मग माक्याऐवजी ती वापरली तर काय बिघडले ?' असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. उंदरांवरील तसे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत, हे खरे. परंतु प्रतिनिधी द्रव्य ठरविण्याचा अधिकार शास्त्राला आहे, गोळा करणाऱ्याच्या सोयीला नाही. भावप्रकाशाने अभावी घ्यावयाची द्रव्ये स्पष्टपणे सांगितली आहेत, आणि ती वैद्याने जाणीवपूर्वक घ्यावयाची आहेत. लेबलवर भृंगराज लिहून आत एकदांडी भरणे हा प्रतिनिधी द्रव्याचा वापर नव्हे. ती भेसळ आहे.

जखमेवरील उपयोग : काय ज्ञात आहे

एकदांडीच्या व्रणरोपण कर्माचा आधुनिक पद्धतीने अभ्यास झालेला आहे. १९८२ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये दिवाण, टिळू व कुलकर्णी यांचा या विषयावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडमुळे मंदावलेल्या व्रणरोपणावर या वनस्पतीचा काय परिणाम होतो, याचाही अभ्यास याच संशोधकांनी पुढे केला. नंतरच्या काळात इतरांनीही प्राण्यांवर प्रयोग केले. भरून आलेल्या जखमेची ताण सोसण्याची शक्ती आणि कोलॅजनच्या बांधणीशी संबंधित लायसिल ऑक्सिडेझ या विकराचे प्रमाण वाढलेले त्यांत दिसून आले. रासायनिक दृष्ट्या वनस्पतीत फ्लॅव्होनॉइड, स्टेरॉल इत्यादी द्रव्ये असून २००१ साली तिच्यातून एक नवे फ्लॅव्होनॉइडही वेगळे करण्यात आले.

या निष्कर्षांचे योग्य मूल्यमापन व्हावे. लोकांनी दिलेले 'जखमजुडी' हे नाव निराधार नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. परंतु प्रयोगशाळेतील अर्क आणि रस्त्याच्या कडेचा चुरडलेला पाला या दोन गोष्टी एक नव्हेत. लहान जखम दाबून धरली की तिचे रक्त काही मिनिटांत आपोआपही थांबते. पाला पिळताना जखम दाबली जाते, त्या दाबाचे श्रेयही पाल्याच्या नावे जमा होत असते.

उपयोगाच्या मर्यादा

सुश्रुताचार्यांनी सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. हे वर्गीकरण एकदांडीच्या बाबतीत उपयुक्त ठरते. उथळ घृष्ट व्रण, म्हणजे खरचटणे, आणि अगदी वरवरचा छिन्न व्रण एवढेच तिचे क्षेत्र मानावे. तेथेही जखम प्रथम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुतलेली असली पाहिजे.

विद्ध व्रणात हा पाला कदापि वापरू नये. गंजलेला खिळा, बाभळीचा काटा, मासळीचा काटा यांनी झालेली जखम वरून लहान व आतून खोल असते. खाडीकाठच्या गावांत अशा जखमा नित्याच्या आहेत. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि हवा न पोहोचणारी खोल जखम त्यांना पोषक असते. एकदांडी जमिनीलगत वाढते, तिची पाने केसाळ असल्याने त्यांवर धूळ व माती चिकटून राहते, आणि रस्त्याकडेला जनावरांची घाणही तिच्यावर पडत असते. असा पाला खोल जखमेत भरणे म्हणजे माती भरण्यासारखेच आहे. अशा रुग्णाला धनुर्वाताची प्रतिबंधक लस देण्याची व्यवस्था तत्काळ करावी. आपल्याकडे सोय नसल्यास जवळच्या रुग्णालयात पाठवावे. यात कमीपणा नाही.

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम ही दुसरी महत्त्वाची बाब. संवेदना कमी झाल्याने रुग्णाला वेदना जाणवत नाही आणि पाल्याखाली जखम झाकली गेली की ती पाहिलीही जात नाही. चार दिवसांनी दुर्गंधी येऊ लागते, तोवर दोष खोलवर गेलेले असतात. मधुमेही रुग्णाने पायाला कोणताही पाला स्वतःहून लावू नये, हे प्रत्येक भेटीत सांगावे. चावून लावलेला पाला तर कोणालाच नको. मुखातील जंतू जखमेत सोडण्याचा तो मार्ग आहे.

तिसरी बाब ॲलर्जीची. गाजरगवतही याच ॲस्टरेसी कुळातील असून १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाल्यानंतर ते देशभर पसरले. गाजरगवतामुळे त्वचारोग झालेल्या रुग्णांना या कुळातील इतर वनस्पतींचाही त्रास होऊ शकतो. अशा रुग्णांत एकदांडी टाळावी.

आभ्यंतर प्रयोगाबाबत एवढेच सांगावेसे वाटते की, संहितेचा आधार नाही आणि मनुष्यातील मात्रानिश्चितीचाही पुरेसा आधार नाही, अशा स्थितीत पोटात देण्याचा मोह टाळावा. गर्भिणी, सूतिका व बालक यांच्या बाबतीत तर हा नियम कटाक्षाने पाळावा.

वैद्यांसाठी सूचना

१. रुग्णाने कोणतेही वनस्पतीचे नाव सांगितले तर 'दाखवा' असे म्हणावे. फूल व फळ असलेली फांदी पाहिल्याशिवाय नाव मान्य करू नये.

२. आपल्या परिसरातील नावांची एक वही ठेवावी. नाव, सांगणाऱ्याचे मूळ गाव, वनस्पतीचे शास्त्रीय नाव व सांगितलेला उपयोग असे चार रकाने पुरेत. वर्षभरात अशी वही आपल्या भागाचा लहानसा निघंटू बनते.

३. स्वतःच्या रुग्णांसाठी बाह्य प्रयोगास तैल सिद्ध करावयाचे असल्यास माहितीतील स्वच्छ जागेवरून पाला घ्यावा, तो धुवावा आणि शार्ङ्गधरोक्त प्रमाणानेच पाक करावा. स्वरस हे द्रव असताना कल्क स्नेहाच्या अष्टमांश घ्यावयाचा असतो, हे विसरू नये. बाटलीवर 'एकदांडी तैल' असेच लिहावे, भृंगराज नव्हे.

औषधनिर्मात्यांसाठी सूचना

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील शेड्यूल टी २००० साली लागू झाले. त्यानुसार कच्च्या मालाची ओळख, तपासणी व नोंद ठेवणे हे निर्मात्याचे कर्तव्य ठरले. 'पुरवठादाराने माका म्हणून दिला' हे उत्तर त्या कर्तव्यातून सुटका करीत नाही. भेसळयुक्त व बनावट आयुर्वेदीय औषधांसंबंधी या कायद्यात स्वतंत्र कलमे आहेत, याचेही भान असावे. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. भृंगराज नेहमी अखंड पंचांगाच्या रूपात घ्यावा. चूर्ण घेऊ नये, कारण चूर्णात डोळ्यांनी करावयाची परीक्षा संपते. वाळलेल्या मालातही लांब पर्णहीन दांडे, खोल दातेरी पाने किंवा पिसांची फळे दिसली, तर माल परत करावा.

२. मागणीपत्रात 'माका' एवढेच न लिहिता शास्त्रीय नाव लिहावे. गुजरातमधून माल येत असेल तर 'भांगरो' व 'परदेशी भांगरो' यांतील भेद पुरवठादाराला स्पष्टपणे सांगावा.

३. वेडेलोलॅक्टोन या घटकाची तपासणी उपयुक्त आहे. परंतु तो पिवळ्या माक्यातही असतो. म्हणून केवळ रासायनिक अहवालावर न थांबता रूपपरीक्षा व सूक्ष्मदर्शक परीक्षा या दोन्ही कराव्यात.

४. शंका असल्यास वनस्पतीचा नमुना फूल-फळांसह वाळवून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी ओळखीसाठी पाठवावा. मान्यताप्राप्त नमुना आपल्या प्रयोगशाळेत कायम तुलनेसाठी ठेवावा.

५. एकदांडीचे मलम किंवा तैल बाजारात आणण्याचा विचार असेल, तर आधी कायदा पाहावा. आयुर्वेदीय पेटंट औषधातील घटक कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांमधील योगांत उल्लेखिलेले असले पाहिजेत, अशी अट आहे. 'जयंतीवेद' हे नाव कोणत्या ग्रंथात, कोणत्या योगात आहे, या प्रश्नाचे उत्तर हाती असल्याशिवाय परवान्यासाठी अर्ज करू नये. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास कायद्यात सवलत आहे. ती सवलत दुकानातील विक्रीला लागू होत नाही.

समारोप

एकदांडी हे तण टाकाऊ नाही आणि दिव्यौषधीही नाही. लोकांनी तिला दिलेल्या नावांत निरीक्षण आहे, अनुभव आहे आणि थोडा गोंधळही आहे. निरीक्षण घ्यावे, अनुभव तपासावा आणि गोंधळ दूर करावा, हे वैद्याचे काम आहे. लोकनाम हा शोधाचा आरंभ असतो. त्यालाच निर्णय मानले की घाणेरीचा पाला जखमेवर जातो आणि परदेशी भांगरो सूतशेखराच्या खलात येतो. सभासदांनी आपापल्या तालुक्यातील एकदांडीची नावे व तेथील उपयोग शास्त्रीय ओळखीसह लिहून काढावेत. पुढील पावसाळ्यात आपल्या शाखांच्या वनौषधी सहलींमध्ये माका, पिवळा माका आणि एकदांडी या तिन्ही वनस्पती शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास नवोदित वैद्यांना त्याचा निश्चित लाभ होईल.